फळीवरचा माणूस

गजर व्हायच्या आधीच जगन्नाथ वर्तकाला जाग आली. काही वेळ तो तसाच पडून घरातले आवाज ऐकत राहिला. हीटर सुरू होताना छताच्या जाळीत होणारी थरथर, शेजारी शरयूचा संथ श्वास, आणि स्वयंपाकघरातल्या व न्हाणीघरातल्या नळांची रात्रभर चाललेली टिपटिप. त्र्याऐंशीच्या त्या डिसेंबरात टेक्ससवर थंडी येऊन बसली होती ती उठायला तयार नव्हती, आणि भिंतीतले पाइप गोठून फुटू नयेत म्हणून डॅलसशेजारच्या अर्विंगमधले घरन् घर नळ थोडे सैल सोडून झोपत होते. उठल्यावर त्याने एकेक नळ आवळला. सुंठ कुटली, चहाचे आधण ठेवले, कपात दुधाऐवजी हाफ अँड हाफ, म्हणजे अर्धे दूध अर्धी साय, ओतले, कारण इथल्या दुधाला चहात काही जीव नसतो असे शरयूचे मत होते आणि ते त्याने कधीच स्वीकारले होते. शरयूने रात्रीच्या कणकेच्या चार पोळ्या लाटल्या, बटाट्याची भाजी डब्यात भरली. दीपा ब्रश हातात घेऊन आली तेव्हा तिचे केस हवेत उभे राहिले होते, प्रत्येक केस दुसऱ्यापासून दूर पळत होता. कोरड्या हवेत असेच होते, चार्ज साठतो, असे त्याने सांगायला सुरुवात केली. ‘डॅडी, यू से धिस एव्हरी विंटर,’ दीपा म्हणाली आणि सिरियलच्या वाडग्यात डोके घालून वाचू लागली. शरयूने विचारले, आज पुन्हा मीटिंग आहे का. तो नाही म्हणाला. तिने डब्याचे झाकण दाबून बंद केले.

दाराशी गालिच्यावरून चालत गेल्यावर पितळेच्या मुठीला आधी हात लावायचा नसतो. हातातली किल्ली आधी टेकवायची, म्हणजे ठिणगी किल्लीच्या टोकाला उडते आणि बोटाला काही कळत नाही. ही सवय त्याला या देशातल्या पहिल्या हिवाळ्यापासून होती. शरयूलाही त्यानेच लावली होती. आज एका हातात डबा, दुसऱ्या हातात कोट, आणि किल्ली खिशातच राहिली. मूठ धरताच चट्‌ असा बारीक आवाज झाला आणि बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत एक कळ गेली. क्षणाची गोष्ट. तरी तो तिथेच उभा राहिला. त्या मुठीचा त्याला इतका संताप आला की आपले आपल्यालाच आश्चर्य वाटले. दार लाथेने उघडावे असे वाटले. ‘काय झालं हो?’ शरयूने आतून विचारले. काही नाही, शॉक बसला, असे तो म्हणाला, आणि ते शब्द तोंडातून बाहेर पडताच त्याच्या लक्षात आले की राग मुठीचा नाही. तो काल दुपारचा आहे. रात्रभर तो अंगात साठत राहिला होता, आणि बाहेर पडायला त्याला एक एवढीशी जागा मिळाली होती.

गाडीची काच खरवडताना, मग हायवेवर लागल्यावर, मग तळ्याच्या कडेने विजेच्या प्लांटकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर, कालची ती खोली त्याच्यासमोरून हलेना. लांब टेबल, कॉफीचे पांढरे कप, आणि टेबलाच्या टोकाला सुपरिन्टेन्डेन्ट हार्लन प्रुइट, बाह्या वर सरसावलेला, आवाज नेहमीसारखाच मऊ. विषय डेल हॉबर्टचा होता. डेल प्लांटचा सर्वांत जुना इलेक्ट्रिशियन. आठवड्यापूर्वी एका पंपाच्या मोटारीजवळ तो उभा असताना मोटारीच्या बाजूची तारांची पेटी फुटली. त्याचे दोन्ही हात आणि गळ्याची एक बाजू भाजली. प्रुइटने सगळे शांतपणे मांडले. डेलने पेटीच्या झाकणाचे दोन बोल्ट सैल केले होते, मोटार चालू असताना. हे नियमात बसत नाही. दुःखाची गोष्ट आहे, पण बसत नाही. मग कोणीतरी, बहुधा सेफ्टीच्या माणसाने, ग्राउंडिंग बँक त्या वेळी बंद का होती असे विचारले. प्रुइट म्हणाला, ‘बंद होती, हे खरं आहे. पण तिच्यावर टॅग जॅकचा आहे.’ जॅक म्हणजे जगन्नाथ. टेबलाभोवतीची सगळी डोकी त्याच्याकडे वळली, एखाद्या नवीन दिव्याकडे वळावीत तशी. आणि प्रुइटने लगेच, अगदी ममतेने, पुढे म्हटले की जॅकला कोणी दोष देत नाही. त्याने ज्या पद्धतीने हे म्हटले त्यात दोष पूर्ण वाढून, ताटात मांडून ठेवलेला होता.

त्याने त्या वेळी काय केले? काही नाही. त्याने मान डोलावली, आणि कॉफीचा घोट घेतला.

ग्राउंडिंग बँकेची ती राखाडी टाकी त्याच्या आवडीची होती हे तो कोणालाही समजावू शकला नसता. प्लांटमधले मोठमोठे पंप आणि पंखे तीन तारांवर चालत, आणि त्या तिन्ही तारा जमिनीशी कसलेही नाते न ठेवता तरंगत्या होत्या. जुनी पद्धत. एखाद्या तारेचे आवरण कुठे झिजले आणि ती मोटारीच्या लोखंडी अंगाला लागली तरी काहीच बंद पडत नसे. म्हणूनच ही पद्धत लोकांना प्रिय होती. पण एक तार जमिनीला चिकटली की उरलेल्या दोघींवरचा ताण वाढे, आणि ती पहिली तार नीट न चिकटता फुरफुरत, ठिणग्या टाकत राहिली तर तो ताण आणखी चढत चढत भलत्याच ठिकाणी, भलत्याच मोटारीत फुटे. जिथे जखम असेल तिथे नव्हे, जिथे अंग दुबळे असेल तिथे. यावर उपाय म्हणून पाच वर्षांपूर्वी तो ग्राउंडिंग ऑटोट्रान्सफॉर्मर बसवला गेला होता. त्याची गणिते जगन्नाथनेच केली होती. प्लांटमधले लोक त्याला बँक म्हणत. एरवी ते यंत्र काहीच करत नाही. तेलात बुडून नुसते बसून असते. पण एखादी तार जमिनीला लागली की गळणाऱ्या विजेला ते जमिनीतून घरी परतायची वाट देते, आणि त्या वाटेवर बसवलेला रिले नेमकी तीच आजारी मोटार हुडकून बंद करतो. बाकी सगळे चालू राहते. एवढे सोपे, एवढे सभ्य यंत्र. प्रुइट त्याला चहाडखोर म्हणत असे. ‘तुझा चहाडखोर आज कोणाचं नाव सांगतोय, जॅक?’

ऑक्टोबरात वार्षिक तपासणीच्या वेळी जगन्नाथने बँकेचे रिले तपासायला ब्रेकर उघडून ती बंद केली होती आणि ब्रेकरच्या मुठीला आपला टॅग बांधला होता. टॅग म्हणजे लाल पुठ्ठ्याचे एक कार्ड, तारेने बांधायचे, त्यावर बांधणाऱ्याचे नाव. या प्लांटमध्ये त्याहून पवित्र काही नव्हते. ज्याने बांधला त्यानेच सोडायचा. सुपरिन्टेन्डेन्टलासुद्धा दुसऱ्याच्या टॅगला हात लावता येत नाही, कारण त्या कार्डाच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी त्या माणसाचे हात यंत्रात असू शकतात. काम अर्ध्या दिवसाचे होते. ते संपवून तो टॅग सोडायला निघाला तेव्हा प्रुइटने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. उन्हाळ्यात चहाडखोराने बॉयलरचा एक पंखा बंद पाडला होता आणि वीजनिर्मितीचे निम्मे युनिट गेले होते. हेडऑफिसचे फोन झाले होते. ‘वसंतात मोठी दुरुस्ती आहेच. तोवर राहू दे. तुझा टॅग आहे, तसाच राहू दे, माझ्यासाठी एवढं कर.’ पंख्यात खरोखरच बिघाड होता, रिलेने बरोबर काम केले होते, असे जगन्नाथने सांगितले. प्रुइट हसला. आणि जगन्नाथ हो म्हणाला. मोठ्या माणसाने खांद्यावर हात ठेवून काही मागितले तर तोंडावर नाही म्हणायचे नसते, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. ते त्याच्या हाडात होते. वसंतापर्यंत काय होणार आहे, असेही त्याला वाटले होते. टॅगवर नाव त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले होते: जॅक. इथे तेच चालते म्हणून.

गाडी पुलावर आली. तळ्यावरून वाफ उठत होती. प्लांटचे गरम पाणी तळ्यात पडते तिथे पाणी गोठत नाही आणि बदके गर्दी करून बसतात. डेल दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला स्वतःच्या झाडाचे पिकॅन, अक्रोडासारखे, कागदी पिशवीत घालून जगन्नाथच्या टेबलावर ठेवून जाई. शरयू त्यांच्या वड्या करून परत पाठवी. डेल म्हणे, तुझ्या बायकोने माझ्या झाडाला इज्जत दिली. मोटारीचे तापमान तो उलट्या हाताने बघायचा, कधीही तळव्याने नाही. वीज असली तर स्नायू आखडतात आणि तळहात जागीच चिकटतो, उलटा हात आपोआप दूर फेकला जातो. असा माणूस. आणि हा माणूस बोल्ट सैल करतो म्हणजे त्याला कोणीतरी सांगितलेले असते की मोटार बंद न करता शोध. बँक बंद असताना बिघाड शोधायचा तर एकच मार्ग, मोटारी एकेक करून बंद करायच्या आणि कंट्रोल रूममधला बिघाडाचा दिवा सुधारतो का ते पाहायचे. थंडीच्या लाटेत हे कोणी करू देईना. म्हणून डेलला कान आणि नाक घेऊन पाठवले होते. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये त्याची बायको नॉर्मा म्हणाली, तो झोपेतून उठून तेच विचारतो, मी सगळं घट्ट केलं होतं का. तो म्हणतो चूक माझीच. जगन्नाथने तिला काही सांगितले नाही. आत डेलचे हात पांढऱ्या कापडात, दोन पोत्यांसारखे, उशीवर ठेवलेले होते.

सांगलीजवळच्या जगन्नाथच्या गावात पिठाची एकच गिरणी होती. गिरणीवाला तात्या चाकोळे. दळण घेऊन बायका यायच्या, बहुतेक अनवाणी, ओल्या फरशीवर उभ्या राहायच्या, आणि डबा गिरणीच्या पत्र्याला टेकवला की हाताला झिणझिण्या यायच्या. त्या हसायच्या. गिरणी चावते, असे म्हणायच्या. जगन्नाथची आई एकदा डबा ठेवून मागे सरकली आणि बराच वेळ उजवा हात डाव्या हाताने चोळत राहिली; घरी येईपर्यंत ती दोनदा तसे चोळत होती. तात्या स्वतः नेहमी एका जाड लाकडी फळीवर उभा असायचा. लहानपणी वाटायचे की फळी उंचीसाठी आहे, तात्या बुटका म्हणून. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, सुट्टीत, अचानक, दळण घेऊन उभा असताना जगन्नाथला ती फळी कशासाठी आहे ते कळले: लाकडातून वीज जात नाही. तात्याला माहीत होते. इतकी वर्षे माहीत होते. लोखंडाचा एक गज जमिनीत ठोकून मोटारीच्या अंगापासून त्याला एक तार बांधली की संपले, असे जगन्नाथने सांगितले, मी करून देतो असेही म्हणाला. तात्याने पिठाचा हात झटकला. ‘गिरणी चालतेय ना?’ तो म्हणाला. ‘कोण मेलंय का आजवर? चपला घालून या म्हणावं.’ आणि फळीवरून जराही न हलता त्याने पुढचे दळण ओतले.

ती गोष्ट तो विसरला होता असे नव्हे, पण ती त्याने पुण्याच्या, मग ओक्लाहोमाच्या, मग इथल्या वर्षांखाली नीट झाकून ठेवली होती. काल संध्याकाळी नरेंद्र पाटणकरांचा फोन आला. ते शरयूचे लांबचे भाऊ, दीपाचे मामा, या भागातल्या मराठी मंडळींत सर्वांत आधी आलेले. घर घेताना, ग्रीन कार्डाच्या वेळी, सगळ्यांनी त्यांनाच विचारलेले. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, ‘हे बघ यार जगन, तू लो प्रोफाइल ठेव. रायटिंगमध्ये काही देऊ नको. समरमध्ये लेऑफ होणार असं ऐकतोय, घराच्या खरेदीचं क्लोजिंग आत्ताच केलंयस. आपण बोलून त्यांचं काय बदलणार?’ आणि मग थोडे थांबून, खऱ्या काळजीने, ‘तो डेल काय तुझ्या नात्याचा आहे का?’ जगन्नाथने नाही म्हटले. फोन ठेवल्यावर त्याला राग नरेंद्रभाऊंचा आला नाही. त्यांच्या बोलण्यात त्याला आपलाच आवाज ऐकू आला. तोच चांगल्या वागणुकीचा आवाज. पाहुण्याने पाटावर बसून वाढेल ते खायचे असते, असे मानणारा. बारा वर्षे झाली तरी पाटावरून न उठणारा. आणि पाटही शेवटी लाकडाचाच.

कंट्रोल रूममध्ये नेहमीचा उबदार वास होता, कॉफीचा आणि तापलेल्या वार्निशचा. पॅनेलच्या उजव्या कोपऱ्यात तीन छोटे पांढरे दिवे एका ओळीत होते, तीन तारांसाठी तीन. तिन्ही सारखे जळत असले तर सगळे ठीक. एक तार जमिनीला लागली की तिचा दिवा मंद होई आणि उरलेले दोन जास्त प्रखर. आज मधला दिवा जवळजवळ विझलेला होता. बाजूचे दोन इतके जळजळीत होते की डोळ्यांना त्रास नको म्हणून कोणीतरी त्यांच्यावर चिकटपट्टी लावली होती. पट्टीच्या कडेला पिवळा करपट रंग चढला होता, म्हणजे ती आजची नव्हती, गेल्या आठवड्यापासून तशीच होती. जगन्नाथ त्या पट्टीकडे पाहत राहिला. दिवा कशासाठी असतो? शिफ्टचा ऑपरेटर अर्ल, साठीला टेकलेला, जाड चष्म्याचा माणूस, खुर्चीतून म्हणाला की पहाटेपासून असंच आहे, पंख्यांच्या बाजूला कुठेतरी आहे असं वाटतं, हार्लनने ल्यूथरला तिकडे पाठवायला सांगितलंय. ल्यूथर हा डेलचा जोडीदार. तो दाराशीच उभा होता, ऐकण्याची लोखंडी कांडी काखेत धरून, हातमोजे चढवत. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. कामावर जाणाऱ्या माणसाचा चेहरा.

जगन्नाथने त्याला म्हटले, आधी कॉफी घे. ल्यूथर म्हणाला, घेतली. आणखी एक घे, जगन्नाथ म्हणाला, मी परत येईपर्यंत जाऊ नको. त्याच्या स्वरात काहीतरी असले पाहिजे, कारण ल्यूथरने कांडी भिंतीला टेकवून ठेवली.

प्रुइटच्या खोलीपर्यंतचा जिना त्याने एका दमात चढला आणि चढताना आपण काय बोलणार आहोत याची वाक्ये जुळवत राहिला, आधी इंग्रजीत, मग मराठीत, मग दोन्ही सोडून दिली. प्रुइट फोनवर होता. त्याने हाताने बसायची खूण केली. जगन्नाथ उभा राहिला. फोन संपल्यावर त्याने सांगितले: मधली तार पुन्हा जमिनीला लागली आहे, पहाटेपासून, गेल्या आठवड्यात नेमकं हेच झालं होतं आणि दुसरी मोटार फुटली, ल्यूथरला तिथे पाठवण्याऐवजी बँक चालू करू या, ती आपोआप पंखा शोधून बंद करील. प्रुइटने डोळे चोळले. तो थकलेला होता, हे जगन्नाथला दिसत होते. चार दिवस तो घरी धड झोपलेला नव्हता. तो वाईट माणूस नव्हता. नाताळच्या पार्टीत तो दीपाला उचलून घ्यायचा. त्याने सांगितले की एक पंखा गेला म्हणजे निम्मं युनिट गेलं, अख्खं डॅलस हीटर लावून बसलंय, हे तुला सांगायला हवं का. मग खिडकीकडे बोट केले, जिथून धुराड्याचा सरळ पांढरा धूर दिसत होता.

‘चालतंय ना, जॅक?’

जगन्नाथच्या नाकात एकदम कोमट पिठाचा वास आला. पट्ट्याची फटफट, ओली फरशी, हात चोळणारी आई. इतके स्पष्ट, की त्याने नकळत प्रुइटच्या पायांकडे पाहिले. टेबलाखाली तपकिरी गालिचा होता, त्यावर दोन चकचकीत बूट. मग त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला, मोठा नव्हे, उलट फार हळू.

‘ठीक आहे. बंदच ठेवायची असेल तर माझा टॅग काढतो आणि तुम्ही तुमचा लावा. तुमच्या नावाचा.’

प्रुइटने वर पाहिले. त्या बोलण्याची त्याला अपेक्षा नव्हती, हे क्षणभर उघडे पडले. चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेले आणि पुन्हा झाकले गेले. तो हसला.

‘तुझा आहे की तिथे. एका मुठीला किती टॅग लागतात?’

‘एकच लागतो,’ जगन्नाथ म्हणाला.

‘मग झालं तर.’ आणि त्याने पुन्हा फोन उचलला.

जिन्यावर उतरताना रागाचे काय झाले ते त्याला कळेना. सकाळपासून जो कढत होता, मुठीवर, रस्त्यावर, स्वतःवर भिरभिरत होता, तो आता एका ठिकाणी येऊन बसला होता, आणि बसल्यावर जड आणि जवळजवळ शांत झाला होता. प्रुइटला माहीत होते. हा विसर नव्हता, घाई नव्हती. सुरुवातीपासून त्याला माहीत होते की ती मूठ कोणाच्या तरी नावाने बांधलेली असली पाहिजे आणि ते नाव आपले नसले पाहिजे. तात्याने निदान फळी स्वतः आणली होती. इथे प्रुइटने फळीच्या जागी एक माणूस घातला होता, आणि तो माणूस आपण होऊन आडवा झाला होता, हसतमुखाने, मोठ्यांचा मान राखून, खोटे नाव लिहून. ल्यूथर आत्ता पंख्याजवळ गेला असता आणि उद्या त्याचे बोल्ट मोजले गेले असते. नरेंद्रभाऊ विचारणार, तुझ्या नात्याचा आहे का. नळ रात्री सैल सोडावे लागतात, नाहीतर भिंत फुटते, एवढे सगळ्या अर्विंगला कळते.

शहराचा विचार त्याने केला नाही असे नव्हे. कंट्रोल रूममध्ये येऊन त्याने पहिला प्रश्न तोच विचारला. पहाटे सगळे उठतात तेव्हा मागणी सर्वांत चढते आणि दुपारी उन्हाने थोडी उतरते. दुपारी निम्मे युनिट गेले तर भरून निघेल का, हे वीजवाटप सांभाळणाऱ्या डिस्पॅचरला विचारून घे, असे त्याने अर्लला सांगितले. अर्लने चष्मा कपाळावर चढवला. त्याने विचारले, हार्लनला माहीत आहे? जगन्नाथ म्हणाला की त्याच्याकडूनच आलो. तो आपला टॅग लावायला तयार नाही. माझं त्या ब्रेकरवरचं काम ऑक्टोबरातच संपलं आहे, म्हणून मी माझा काढतोय. अर्ल त्या वाक्यावर जरा वेळ थांबला, जणू एखाद्या मीटरचा काटा स्थिर व्हायची वाट पाहत होता. काम संपले की टॅग निघतो, टॅग निघाला की यंत्र सेवेत परत. तीस वर्षे त्याने हेच केले होते.

‘नियम तुझ्या बाजूने आहे,’ अर्ल म्हणाला. ‘हार्लन नसेल.’

‘माहीत आहे.’

‘घरी सांगितलंस?’

जगन्नाथने नकारार्थी मान हलवली. अर्लने डिस्पॅचरला फोन लावला आणि कोरड्या आवाजात सांगितले की एक यंत्र सेवेत परत घेतोय, कदाचित एक पंखा जाईल, मध्यान्हीला जागा करून ठेवा. पलीकडून कुरकूर झाली, मग आकडे झाले, मग होकार. मधल्या वेळात जगन्नाथ खाली जाऊन त्या राखाडी टाकीजवळ उभा राहिला. तेलाची पातळी पाहिली. जमिनीत जाणारी तांब्याची पट्टी वाकून हाताने चाचपली, तिचे बोल्ट पान्याने आवळून पाहिले. एकही सैल नव्हता. ऑक्टोबरात तपासलेले रिले पुन्हा एकदा तपासले. घाईने काही करायचे नाही, रागाने तर नाहीच. ल्यूथर आपण होऊन बरोबर आला होता आणि टॉर्च धरून होता. एकदाच म्हणाला की डेलचे पट्ट्या बांधलेले हात बघून त्याच्या नातवाला वाटलं आजोबा बॉक्सर झाले.

दुपारी लाउडस्पीकरवरून अर्लने सगळ्यांना पंख्यांच्या आणि मोटारींच्या भागातून बाहेर यायला सांगितले, आणि एकेकाचे नाव घेऊन सगळे बाहेर आल्याची खात्री केली. मग जगन्नाथ कंट्रोल रूममधल्या ब्रेकरच्या पॅनेलसमोर गेला. तिथे फरशीवर काळ्या रबराची लांब चटई अंथरलेली होती, विजेचा धक्का बसू नये म्हणून सगळ्या पॅनेलांसमोर असते तशी. त्या चटईवर उभे राहून त्याने पक्कडीने तार कापली. लाल पुठ्ठ्याचा रंग फिका झाला होता; जॅक ही अक्षरे मात्र ठसठशीत होती. त्याने तो टॅग शर्टाच्या खिशात ठेवला आणि शेजारच्या वहीत टॅग सोडल्याची नोंद केली. नाव लिहायच्या जागी त्याने पूर्ण नाव लिहिले, आडनावासकट. ते त्या रकान्यात मावले नाही, थोडे बाहेर गेले. मग त्याने अर्लकडे पाहिले. अर्लने ब्रेकरची मूठ फिरवली.

ब्रेकर बसल्याचा जड धक्का पायांना जाणवला. नंतर एका श्वासाइतका वेळ काहीच नाही. मग कुठेतरी वर, बॉयलरच्या पलीकडे, इतके दिवस ऐकून ऐकून ऐकू न येणारा एक आवाज थांबला. पूर्वेकडचा पंखा. जिथे होता तिथेच तो सापडला होता, कोणी कान न लावता. अर्ल आणि त्याचा मदतनीस पॅनेलवर हात चालवत होते. काटे खाली आले, डगमगले, आणि निम्म्यावर येऊन स्थिर झाले. बाकीचे सगळे चालू राहिले. जगन्नाथने कोपऱ्यातल्या दिव्यांवरची करपलेली चिकटपट्टी नखाने सोलून काढली. तीन दिवे. मधला, डावा, उजवा. कोणता मंद होता हे आता सांगता आले नसते.

ल्यूथरने हातमोजे काढून मागच्या खिशात खोचले. ‘बंद पंख्याची पेटी उघडायला मला आवडेल,’ तो म्हणाला, आणि डेलच्या कपाटातली हत्यारे आणायला गेला.

फोन वाजला. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला, अर्लच्या टेबलावर होता. अर्लने उचलला, ऐकले, आणि रिसीव्हर जगन्नाथच्या दिशेने धरला. त्यातून बाहेर पडणारा बारीक, तीव्र आवाज इथपर्यंत ऐकू येत होता. शब्द कळत नव्हते, कळायची गरज नव्हती. जगन्नाथला आठवले की डबा गाडीतच राहिला आहे, आणि भाजी गोठली असेल. संध्याकाळी हॉस्पिटलमधून जाऊन मग घरी जायचे, नॉर्माला सांगायचे की चूक डेलची नव्हती, बोल्टांचा प्रश्न आता त्याने झोपेतून उठून विचारायचा नाही. नंतर शरयूला सांगायचे, सगळे. तो रबराच्या चटईवरून खाली, उघड्या फरशीवर उतरला, आणि चालत जाऊन त्याने फोन घेतला.